आयपॉडवर रॉकबॉक्स टाकताना ‘नो पार्टिशन फाउंड’ : मामांची गाणी आत अडकलीत, मदत हवी

पंचगंगेकाठी
नमस्कार मंडळी. दोन दिवस डोकं फोडून झालं, आता इथं विचारतोय. जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय अडचण कळायची नाही.

माझे मामा निवृत्त शिक्षक, वय ७८. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेत, उजेड आणि अंधार तेवढा कळतो. आयुष्यभर गाणं ऐकलेला माणूस. कोल्हापूरच्या देवल क्लबातली गाण्याची बैठक त्यांनी कधी चुकवली नाही. घरात दीडेकशे कॅसेटी होत्या. काही बैठकीत बसून भरलेल्या, काही रेडिओवरून, काही मित्रांकडून उतरवून घेतलेल्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये दुधाळीतल्या घरात पुराचं पाणी शिरलं आणि त्या सगळ्या गेल्या. चिखलातून काढून उन्हात वाळवल्या, पण एकही वाजली नाही.

वाचला तो एक आयपॉड, माळ्यावरच्या ट्रंकेत होता म्हणून. पुराच्या बरीच वर्षं आधी मामांच्या एका विद्यार्थ्यानं सगळ्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून त्यात भरून दिल्या होत्या. तो विद्यार्थी आता कुठं आहे हे कुणालाच ठाऊक नाही. थोडक्यात, या गाण्यांची दुसरी प्रत जगात नाही.

आयपॉड पाचव्या पिढीचा, व्हिडिओवाला, ६० जीबी, जाड पाठीचा. परवापर्यंत व्यवस्थित वाजत होता. अडचण एवढीच की मामांना पडदा दिसत नाही. चाक फिरवलं की टिकटिक ऐकू येते, पण आपण कुठल्या गाण्यावर आलोय ते कळत नाही. मग कुणाला तरी हाक मारायची आणि तो येईपर्यंत बसून राहायचं. रॉकबॉक्स म्हणून एक मोफत प्रणाली आहे, आयपॉडच्या मूळ प्रणालीऐवजी चालणारी. ती टाकली की मेनू बोलून दाखवतो असं समजलं, म्हणून हा उद्योग केला.

एका व्हिडिओत बघून आयपॉडपॅचर हे सॉफ्टवेअर चालवलं आणि त्यानं बूटलोडर टाकला, म्हणजे आयपॉड सुरू होताना रॉकबॉक्सला उठवणारा छोटा प्रोग्राम. काळ्या खिडकीत काम झाल्याचं आलं. मग रॉकबॉक्सची झिप आत उघडायला गेलो तर विंडोज म्हणतंय, डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करा. मी रद्द दाबलं. वायर काढली, तर आता पडद्यावर काही ओळी येतात आणि शेवटी ‘नो पार्टिशन फाउंड’. पुढं काहीच नाही.

मामांना अजून सांगितलेलं नाही. रोज संध्याकाळी विचारतात, “झालं का रे?”

इचलकरंजीचा माग
घाबरू नका. विंडोज फॉरमॅट मागतंय तर देऊन टाका, पाच मिनिटांचं काम. मग झिप टाका, लगेच चालू होईल. माझ्या जुन्या प्लेअरला असंच केलं होतं.

पेंग्विन
थांबा! फॉरमॅट अजिबात करू नका. मागसाहेब, तुमचा हेतू चांगला आहे, पण यांची गाणी आतच आहेत आणि दुसरी प्रत नाही असं त्यांनी लिहिलंय.

पंचगंगेकाठी, एक सांगा. काळ्या खिडकीतली अक्षरं आठवतात का? आयपॉडपॅचर सुरुवातीला आयपॉडचं मॉडेल सांगतं आणि त्याच ओळीच्या शेवटी ‘विनपॉड’ किंवा ‘मॅकपॉड’ असा शब्द असतो. तुमच्याकडं काय होतं?

सोल्डरगन
मी उद्यमनगरात असतो, वीस वर्षं दुरुस्तीच करतोय. माझा पहिला संशय ड्राइव्हवर. आत १.८ इंचाची फिरती डिस्क आहे, वय वीसच्या घरात. कानाला लावून बघा, कट्-कट् असा आवाज येतो का? येत असेल तर एक सेकंदही चालू ठेवू नका, सरळ माझ्याकडं आणा.

येत नसेल तर ड्राइव्हचीच तब्येत विचारू. मेनू आणि मधलं बटण एकत्र धरून रीसेट करा. सफरचंद दिसलं रे दिसलं की ते सोडून मधलं आणि मागचं (डावीकडचं) बटण एकत्र दाबून धरा. डायग्नोस्टिकची यादी येईल. त्यात आयओ, मग हार्डड्राइव्ह, मग एचडी स्मार्ट डेटा. तिथं ‘रीअ‍ॅलॉक्स’ (बिघडले म्हणून ड्राइव्हनं बदललेले तुकडे) आणि ‘पेंडिंग सेक्टर्स’ हे दोन आकडे इथं लिहा. बाकीचे राहू देत. हे सगळं ड्राइव्हवर नसून आयपॉडच्या स्वतःच्या चिपमध्ये असतं, त्यामुळं बूटलोडर बिघडला तरी ते चालतं.

पंचगंगेकाठी
सोल्डरगनसाहेब, तिसऱ्या खेपेला जमलं. सफरचंद आल्यावर बोटं हलवायला एक क्षणच मिळतो. रीअ‍ॅलॉक्स २, पेंडिंग सेक्टर्स ०. कट्-कट् नाही, सुरू होताना बारीक सूं असा आवाज येतो फक्त.

पेंग्विन, खिडकी बंद केली होती, म्हणून परत जोडून नुसती यादी मागवली. ओळीच्या शेवटी ‘मॅकपॉड’ आहे. परवाही असणार, मी वाचलंच नाही.

सोल्डरगन
रीअ‍ॅलॉक्स दोन आणि पेंडिंग शून्य म्हणजे ड्राइव्ह ठणठणीत. या वयाला शेकड्यात आकडे बघितलेत मी. पेंडिंग वाढत असतं तर काळजी होती, कारण ते सेक्टर ड्राइव्हला वाचायलाच जड जातायत असा त्याचा अर्थ. माझा संशय मागं घेतो. पेंग्विन सांगतायत ते करा.

पेंग्विन
मग सगळा उलगडा झाला. नीट सांगतो, म्हणजे पुढं कुणाला हीच अडचण आली तर धागा उपयोगी पडेल.

आयपॉडच्या डिस्कवर दोन भाग असतात. एक छोटा, त्यात अ‍ॅपलची प्रणाली. दुसरा मोठा, त्यात गाणी. पहिल्यांदा मॅकला जोडून तयार केलेल्या आयपॉडच्या मोठ्या भागाची मांडणी एचएफएस प्लस या पद्धतीची असते. विंडोजला जोडून तयार केला असेल तर फॅट३२. अ‍ॅपलची प्रणाली दोन्ही वाचते. रॉकबॉक्स फक्त फॅट वाचतं. आणि विंडोजला एचएफएस प्लस अजिबात कळत नाही, म्हणून ते फॉरमॅट करा म्हणतं. डिस्क रिकामी नाही, तिची भाषा विंडोजला येत नाही एवढंच.

तुम्ही आयपॉडपॅचर वापरलं. ते थेट छोट्या भागात बूटलोडर लिहितं, मोठ्या भागाशी त्याचा संबंध नाही, म्हणून काम झालं असं आलं. पण बूटलोडर उठला, गाण्यांचा भाग शोधायला गेला, त्याला ओळखीचं काही सापडलं नाही. ‘नो पार्टिशन फाउंड’ म्हणजे तेवढंच. म्हणजेच गाणी जागच्या जागी आहेत. मामा विद्यार्थ्याचं नाव काढतील तेव्हा विचारा, त्याच्याकडं मॅक होता का.

सरळ रॉकबॉक्स युटिलिटी, म्हणजे रॉकबॉक्सवाल्यांचंच ते बसवायचं सॉफ्टवेअर, वापरली असती तर तिनं मॅकपॉड बघून आधीच अडवलं असतं. म्हणून नवख्यांना मी नेहमी सांगतो, व्हिडिओतल्या कमांडी नकोत, युटिलिटी वापरा.

आता क्रम असा. आधी गाणी बाहेर काढायची. ती दोन ठिकाणी ठेवायची. त्यानंतरच आयपॉडला हात लावायचा. गाणी काढायला उबंटूचा पेन ड्राइव्ह बनवा आणि कॉम्प्युटर त्यावरून सुरू करा. लिनक्स एचएफएस प्लस वाचतं. आयपॉड रीसेट करून सफरचंद येताच मधलं आणि प्ले बटण एकत्र धरा, डिस्क मोड येईल. मग जोडा.

पंचगंगेकाठी
मामांना विचारलं. म्हणाले, “त्याच्याकडं सफरचंदाचाच कॉम्प्युटर होता की. पांढराशुभ्र. तेव्हा सगळी गल्ली बघायला आली होती.”

आज रात्री करतो.

पंचगंगेकाठी
रात्री दीड वाजता लिहितोय. गाणी मिळाली.

आधी पुढच्या यूएसबी पोर्टला जोडलं तर मध्येच तुटत होतं. मागच्या पोर्टला लावल्यावर एकदाही तुटलं नाही. उबंटूत आयपॉड दिसला, पण आत गाणी नाहीत असं वाटून पोटात गोळा आला. पेंग्विननी फोनवर सांगितलं, गाणी आतल्या फोल्डरांत असतात, उघडून बघा. मग आयपॉड कंट्रोल नावाचा फोल्डर, त्यात म्युझिक, त्यात एफ०० पासून एफ४९ पर्यंत पन्नास फोल्डर, आणि त्यांत चार-चार अक्षरांच्या अगम्य नावांच्या फाइल. एक उघडून लावली. आधी कॅसेटची खरखर, मग तानपुरा, आणि मागं कुणीतरी हळूच “वाह” म्हणालं. तो आवाज मामांचा आहे. चाळीस वर्षांपूर्वीचा.

१,१३७ फाइल. एक प्रत माझ्या हार्ड डिस्कवर, दुसरी मामेबहिणीकडं. आता काय झालं तरी चालेल.

जोडराग
वाचून अंगावर काटा आला. मी गाणं शिकते, रॉकबॉक्स गेली सात-आठ वर्षं वापरते. हा धागा पुढं न्या. फाइलींची नावं अगम्य असली तरी आतले टॅग, म्हणजे फाइलीतच साठवलेली गाण्याची माहिती, शाबूत असतील. विद्यार्थ्यानं राग आणि गायकाचं नाव भरलं असेल तर त्यावरून नावं परत लावता येतात. एमपी३टॅग हे सॉफ्टवेअर वापरा, त्यात टॅगवरून फाइलचं नाव बनवायची सोय आहे.

नवशिक्या
मध्येच विचारतो, क्षमस्व. माझ्याकडं सॅनडिस्कचा सान्सा क्लिप प्लस आहे. जोडला की कॉम्प्युटरवर ड्राइव्ह म्हणून दिसतच नाही, आणि युटिलिटीला सापडत नाही. हाच आजार का?

पेंग्विन
नवशिक्या, तुमचा आजार वेगळा आणि सोपा. तुमचा प्लेअर एमटीपी मोडमध्ये आहे. सेटिंग्जमध्ये सिस्टिम सेटिंग्ज, त्यात यूएसबी मोड, तिथं एमएससी निवडा. मग साधा पेन ड्राइव्ह असल्यासारखा दिसेल आणि युटिलिटी पुढचं करेल. कार्ड घालणार असाल तर ६४ जीबी आणि त्यावरची कार्डं दुकानातून एक्सफॅट मांडणीची येतात, रॉकबॉक्सला ती चालत नाही. फॅट३२ करून घ्या. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटच्या खिडकीत ३२ जीबीवर तो पर्यायच दिसत नाही, त्यासाठी वेगळं छोटं सॉफ्टवेअर लागतं.

नवशिक्या
एमएससी केलं, लगेच सापडला. आभार!

पंचगंगेकाठी
आता आयपॉडकडं. फॅट३२ कसं करू? मोठ्या भागाला ते छोटं सॉफ्टवेअर चालेल का?

पेंग्विन
नको. आयपॉडला ते हातानं करू नका. मॅकच्या आयपॉडमध्ये भागांची नोंदवहीच वेगळ्या पद्धतीची असते, नुसता एक भाग बदलून भागत नाही. विंडोजवर आयट्यून्स घाला, आयपॉड जोडा, रीस्टोअर करा. ते नोंदवही, अ‍ॅपलची प्रणाली आणि फॅट३२ सगळं एका दमात नव्यानं लावतं. बूटलोडरही पुसला जाईल, तो परत टाकायचाच आहे. रीस्टोअर झाल्यावर एखादं गाणं टाकून अ‍ॅपलच्या प्रणालीत वाजतंय का बघा. तिथं वाजलं तरच पुढं जा, म्हणजे पुन्हा काही अडलं तर दोष कुठं शोधायचा ते कळेल.

मग आयट्यून्स पूर्ण बंद करा. रॉकबॉक्स युटिलिटी उजव्या क्लिकनं अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, नाहीतर तिला डिस्कवर लिहायची परवानगी मिळत नाही आणि ‘आयपॉड सापडत नाही’ असं सांगते. निम्मे लोक इथंच अडकतात. रॉकबॉक्सची आवृत्ती ४.० घ्या, २०२५ ची. त्याआधीची ३.१५ ही २०१९ ची, बऱ्याच जुन्या व्हिडिओंत तीच दाखवलेली असते.

आणि लॅपटॉपवर करा. साध्या कॉम्प्युटरवर रीस्टोअरच्या मध्यात लाइट गेली तर पुन्हा पहिल्यापासून.

पंचगंगेकाठी
झालं!! रीस्टोअर, एक गाणं टाकून बघितलं, मग युटिलिटी. पहिल्यांदा सापडला नाहीच, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडल्यावर लगेच ‘आयपॉड व्हिडिओ’ असं ओळखलं. आता सुरू केलं की रॉकबॉक्सचा मेनू येतो.

आवाजाचं काय करायचं?

पेंग्विन
अभिनंदन. एकदा अ‍ॅपलची प्रणालीही उठते का बघून ठेवा: रीसेट करून लगेच वरचा होल्डचा खटका लावायचा.

आवाजाचे दोन भाग आहेत. एक, मेनू बोलणं. त्यासाठी युटिलिटीत आवाजाची फाइल बसवायची सोय आहे. ती फाइल टिंब-रॉकबॉक्स नावाच्या फोल्डरात जाते. दोन, फोल्डर आणि गाण्यांची नावं बोलणं. त्यासाठी प्रत्येक फोल्डरात एक छोटी आवाजाची फाइल ठेवावी लागते, नाव ‘अंडरस्कोर डिरनेम टिंब टॉक’, अर्थात रोमन अक्षरांत. गाण्याची असेल तर गाण्याच्या पूर्ण नावापुढं टिंब टॉक. मग सेटिंग्ज, जनरल सेटिंग्ज, व्हॉइस इथं जाऊन डिरेक्टरीच्या आणि फाइलच्या टॉक क्लिप वापरा असं सांगायचं.

युटिलिटी हे आपोआप करून देते, ई-स्पीक हे बोलणारं सॉफ्टवेअर वापरून. त्याला मराठीही येतं. पण खरं सांगू का, तो आवाज यंत्राचा आहे. रागाची नावं त्याच्या तोंडून ऐकवत नाहीत. मामांसाठी घरच्या माणसाच्या आवाजात रेकॉर्ड करा. तुम्ही साध्या मोनो वेव्ह फाइल पाठवा, त्या स्पीक्स पद्धतीत बदलून टॉक क्लिप मी करून देतो. ते करणारं छोटं साधन रॉकबॉक्सच्या सोर्समध्येच असतं.

रॉकबॉक्स २००१ मध्ये स्वीडनमधल्या तिघांनी सुरू केलं, तेव्हाच्या आर्कोस कंपनीच्या प्लेअरसाठी, मूळची प्रणाली त्यांना पसंत नव्हती म्हणून. आज कित्येक प्लेअरवर चालतं आणि पूर्ण मोफत आहे. पण मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे बोलणं. माझी आजी शेवटची सहा वर्षं अशाच एका प्लेअरवर कीर्तनं ऐकायची.

जोडराग
फोल्डर लावण्याबद्दल सुचवते. गायकांच्या नावानं फोल्डर केले की यादी लांबते, आणि मामांना चाक फिरवून पन्नास नावं ऐकावी लागतील. त्यांच्यासारख्या श्रोत्याच्या मनात गाणं वेळेवर लागलेलं असतं. सकाळी भैरव-ललत, दुपारी सारंग, संध्याकाळी पूरिया-मारवा, रात्री बिहाग-मालकंस. तर वरचे फोल्डर चारच करा: सकाळ, दुपार, सांज, रात. पाचवा करायचा तर ‘नाटक’. आत रागाचे फोल्डर, त्यांच्या आत गाणी.

या नावांना अजून एक फायदा आहे. रॉकबॉक्सला देवनागरी अक्षरं दाखवता येतात, युनिफॉण्ट हा फॉण्ट टाकला की झालं. पण ते अक्षरं जोडत नाही. ऱ्हस्व इकार अक्षराच्या आधी यायचा तो नंतर येतो, आणि जोडाक्षर फुटून मध्ये हलन्त दिसतो. ‘कीर्तन’ वाचताना अडखळायला होतं. सकाळ, दुपार, सांज, रात या शब्दांत ना जोडाक्षर ना ऱ्हस्व इकार, त्यामुळं ते शुद्ध दिसतात. मामांना पडदा दिसत नाही हे खरं, पण घरातल्यांना दिसतो ना.

शिवाय बैठकीची टेप दोन बाजूंत तुटलेली असेल, विलंबित एका फाइलीत आणि द्रुत दुसरीत, तर रॉकबॉक्स मध्ये खाच न पाडता सलग वाजवतं. फाइलींना आधी एक, दोन असे क्रम द्या मात्र.

इचलकरंजीचा माग
मी सुरुवातीला फॉरमॅट करा म्हणालो होतो, ते मनाला लागून राहिलंय. माफ करा. टॅगवरून नावं लावायच्या कामाला माणूस हवा असेल तर मी शनिवार-रविवार मोकळा आहे. फाइल पाठवा, निम्म्या मी लावतो.

पंचगंगेकाठी
मागदादा, मनाला लावून घेऊ नका. मी ते वाचण्याआधीच रद्द दाबलं होतं. आणि मदत हवीच आहे, पाठवतो.

टॅग बहुतेक ठिकाणी आहेत, रोमन अक्षरांत. विद्यार्थ्यानं फार जीव लावून भरलेत. गायक, राग, जमेल तिथं ताल. कुठंकुठं बैठक कुठली तेही. साठेक फाइलींच्या टॅगमध्ये मात्र अर्थ लागत नाही अशी चिन्हं आहेत.

पेंग्विन
ती चिन्हं जुन्या मराठी फॉण्टातली असणार. युनिकोड यायच्या आधी लोक शिवाजीसारख्या फॉण्टात टाइप करायचे. तो फॉण्ट असेल तरच ते मराठी दिसायचं, आत साठवलेली अक्षरं मात्र रोमन आणि चिन्हंच. एमपी३टॅगमधून तो मजकूर कॉपी करा, शिवाजीतून युनिकोड करणारी साधनं मिळतात, त्यात टाका. एखाददुसरं अक्षर हातानं दुरुस्त करावं लागेल.

पंचगंगेकाठी
दहा दिवस झाले, आज शेवटचं कळवतो.

नावं लावून झाली. मागदादांनी सहाशेच्या वर एकट्यानं लावली, त्यांचे उपकार कसे फेडू कळत नाही. शिवाजी फॉण्टवाल्या फाइलीही वाचता आल्या. त्यांत विद्यार्थ्यानं वाक्यं लिहिली होती. “गुरुजी इथे बोलले आहेत, पुसू नये.”

आवाज माझ्या भाचीनं दिला, मामांची नात, नववीत आहे. दोन दिवस कपाटाच्या आत बसून रेकॉर्ड केलं, रस्त्यावरचे हॉर्न येऊ नयेत म्हणून. चादर अंगावर घेऊन. सकाळ, दुपार, सांज, रात, नाटक, मग ९४ रागांची नावं. प्रत्येक नाव तीनदा. पहिल्या दिवशी ती धावत म्हणत होती, दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच सगळं पुसून सावकाश म्हटलं. “आजोबांना ऐकायला वेळ मिळायला पायजे.” पेंग्विननी क्लिप करून पाठवल्या. मी फोल्डर-फोल्डरांत घातल्या. अठरा राहून गेल्या होत्या, त्या रात्री पुन्हा.

काल दुपारी मामांच्या हातात दिला. चाकावर अंगठा ठेवून हळू फिरवला. “सकाळ.” थांबले. पुन्हा फिरवला. “दुपार.” “सांज.” मधलं बटण दाबलं. “पूरिया.” “मारवा.” “ललितागौरी.” तिथं थांबून दाबलं. खरखर, तानपुरा, आणि गाणं सुरू. तासभर कुणी बोललं नाही. मामींनी चहा आणला तो तसाच गार झाला.

रात्री मला फोन आला. मला वाटलं काहीतरी अडलं. म्हणाले, “रातीच्या फोल्डरात बिहाग म्हणून लावलंस, तो बिहागडा आहे. कोमल निषाद ऐकलास का? पोरानं त्या वेळीच चूक लिहिली असणार, मीच सांगायचं विसरलो असेन.” अशा अजून चार चुका त्यांनी सांगितल्या. मी कागदावर लिहून घेतल्या.

जोडराग
बिहाग आणि बिहागडा वेगळे ऐकून सांगणारा माणूस घरात आहे, भाग्यवान आहात. एक विनंती: मामांना बरं वाटत असेल तेव्हा त्यांना विचारा, आम्ही दोघी-तिघी मैत्रिणी ऐकायला येऊ का. आमच्या पिढीला या बैठका बघायला मिळाल्या नाहीत. अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी होते हे पाठ असतं, पण त्या परंपरेचं गाणं कोल्हापूरच्या एखाद्या घरात बसून कसं ऐकत हे कोण सांगणार?

अजून एक. रियाजाला उपयोगी: सेटिंग्जमध्ये साउंड सेटिंग्ज, तिथं टाइमस्ट्रेच चालू करा आणि प्लेअर बंद करून परत सुरू करा. मग गाणं वाजताना मधलं बटण दाबून धरलं की येणाऱ्या यादीत पिच मिळतं. पट्टी न बदलता लय कमी करता येते. अवघड तान उलगडायला मी हेच करते. नुसती पट्टी बदलायची असेल तर अर्ध्या-अर्ध्या स्वरानं तीही सरकते.

सोल्डरगन
बॅटरी किती वेळ पुरतेय? जुनी असणार. पाठ उघडायची वेळ आली तर कुणालाही उघडू देऊ नका, आतली बॅटरीची पट्टी कागदासारखी नाजूक असते. माझ्याकडं आणा, मामांच्या आयपॉडचे पैसे घेणार नाही.

पंचगंगेकाठी
सोल्डरगनसाहेब, चारेक तास पुरते. रविवारी घेऊन येतो. दोन तासांचंच काम असेल तर मामांनाही आणतो, त्यांना सोडून तो राहायचा नाही.

जोडरागताई, मामांना विचारलं. म्हणाले, शनिवारी सांजच्याला या, पाचनंतर. मारवा लावतो म्हणाले. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवलाय.

भाचीनं आज शाळेतून आल्यावर बिहागडा आणि बाकीची चार नावं रेकॉर्ड केली. पेंग्विन, पाच वेव्ह फाइल पाठवल्यात. शेवटचीत शेवटी कुकरची शिट्टी आलीय, तेवढी कापून घ्याल का?

पेंग्विन
कापली. पाचही पाठवल्या.